‘इतर’ नेहमी शेवटी

६ मे

भरत सर म्हणाले, "सुहास, तू काय काय केलंस ते लिहून ठेव. ऐन पावसात विचारायला तू सापडणार नाहीस." म्हणून ऑफिसच्या फाइलमध्ये लिहायला बसलो. पण कामाचं लिहिता लिहिता नको ते येऊ लागलं, तेव्हा ही वेगळी वही काढली. ही सरांना दाखवायची नाही.

सर निवृत्त मुख्याध्यापक. तळीयेच्या दरडीनंतर त्यांनी काही माणसं गोळा करून ‘कडा’ नावाची संस्था काढली. ऑफिस महाडात, एका कापडदुकानाच्या वर. काम एकच. डोंगरात ठिकठिकाणी पाऊस मोजायची यंत्रं बसवली आहेत, त्यांचा आकडा ठरलेल्या रेषेच्या वर गेला की त्या भागातल्या प्रत्येक घराला मोबाइलवर इशारा जायचा. इशाऱ्यात घरातल्या मोठ्या माणसाचं नाव असतं. ती कल्पना सरिताची, माझ्या बायकोची. ती शाळेत शिकवते. तिचं म्हणणं, नावाने हाक मारली तरच मूल मान वर करतं.

मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करतो. उरलेल्या वेळात ‘कडा’चा डेटाबेस सांभाळतो. फुकट. सर त्याला सेवा म्हणतात, सरिता लष्कराच्या भाकऱ्या.

१२ मे

आज रंगीत तालीम झाली. सगळ्या गावांना खोटा इशारा पाठवून पाहिला. आधी नाते गाव, मग पुढची गावं, मग पोलादपूरच्या बाजूची, कुडपणपर्यंत. प्रत्येक गावाची घरं शोधायची, ज्यांना हाच इशारा आधी गेला असेल त्यांना वगळायचं, उरलेल्यांना पाठवायचं. एकेक गाव चुटकीसरशी होत होतं. सरांनी मागे हात बांधून कौतुकाने पाहिलं.

शेवटी ‘इतर’ आलं आणि गाडी थांबली. आम्ही चहा प्यालो, सर खाली जाऊन पेपर घेऊन आले, तरी ते चालूच. शेवटी झालं, पण तोवर खराखुरा डोंगर खाली आला असता आणि त्याच्यावर गवतही उगवलं असतं. हे सरांचं वाक्य.

‘इतर’ म्हणजे काय ते लिहून ठेवतो. नोंदणीच्या वेळी आम्ही गावांची सरकारी यादी घेतली. त्या यादीत महसुली गावं आहेत. डोंगरातल्या वाड्या नि कोंड त्यात नाहीत. वाडीवरचा माणूस नोंदणीला आला, त्याचं नाव यादीत सापडलं नाही की आमची पोरं ‘इतर’वर बोट ठेवायची. आणि सगळ्या याद्यांमध्ये असतं तसं ‘इतर’ अगदी तळाशी.

आमची जांभूळकोंडाची बौद्धवाडीही त्यातच आहे. आई तिथे एकटी राहते.

१३ मे

विचित्र गोष्ट. तोच प्रश्न मी हाताने टाइप करून डेटाबेसला विचारला, गावाच्या जागी ‘इतर’ लिहून. उत्तर लगेच आलं. तीनदा विचारलं, तीनदा लगेच. प्रोग्रॅम चालवला की पुन्हा रखडतं.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तू हाक मारलीस तर येतो, दुसऱ्याने मारली तर नाही? नवरदेव आहे काय?"

१८ मे

रविवार, म्हणून वाडीवर गेलो. पोलादपूर सोडलं की रस्ता चढू लागतो आणि फोनची रेंज उतरू लागते. आईचं घर वाडीतलं सगळ्यात वरचं. मागे लगेच उतार. गेल्या पावसात त्या उताराला भेग पडली होती, ती अजून तशीच आहे, फक्त आता तिच्यात पालापाचोळा साचलाय.

आईला म्हटलं, पावसाचे चार महिने महाडला चल. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, दवाखाना समोर, सरिता आहे. हे सगळं मी वाडीतल्या इतर घरांनाही समजावलंय, त्यातले तीन म्हातारे यंदा मुलांकडे जायला तयार झाले. एकच बोलणं सगळ्यांना लागू पडतं असा माझा अनुभव आहे.

आई म्हणाली, "मी नाय येत म्हाडला."

"का?"

"नाय म्हटलं ना. ही भाकर घे, गरम हाय तवर."

शेजारची शकू तेवढ्यात आली. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, आईची सावली. म्हणाली, "जयभीम भाऊ. आज पण म्हाडचंच गाणं काय?" दोघी हसल्या. मला राग आला, पण जेवून घेतलं. निघताना पुन्हा सगळं सांगितलं, मजल्यापासून दवाखान्यापर्यंत. आई उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. तिची मान हलत होती, पण ती होकाराची नव्हती.

पुढच्या रविवारी पुन्हा प्रयत्न करावा. पाण्याच्या धारेने दगडही झिजतो म्हणतात.

२३ मे

सापडलं! इतका आनंद झाला की सरिताला सुट्टीतल्या शिक्षक-प्रशिक्षणातून बाहेर बोलावून फोनवर सांगितलं. तिने "बरं" म्हटलं.

सोपं करून लिहितो, पुढे मीच विसरेन. डेटाबेस शोधायला लागण्याआधी बेत आखतो. किती घरं निघतील याचा अंदाज घेतो, आणि त्यावरून ठरवतो कसं शोधायचं. दहावीस घरं असतील तर एकेकाच्या दारात जाणं परवडतं. हजारो असतील तर तसं करून चालत नाही, सगळा गठ्ठा एकदाच उलगडून वाचावा लागतो. पंगत किती माणसांची ते कळल्यावर आधण ठेवायचं, तसंच.

हाताने विचारताना प्रश्नात ‘इतर’ हे नाव लिहिलेलं असतं. डेटाबेस ते पाहतो. कोणती नावं वारंवार येतात याची नोंद त्याच्याकडे असते, आणि तिच्यात ‘इतर’ सगळ्यात वर आहे. आमच्या निम्म्याअधिक घरांचं गाव ‘इतर’ आहे! हे मला आज कळलं, त्याला पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून तो बरोबर बेत आखतो.

प्रोग्रॅमचं तसं नसतं. तो प्रश्न एकदाच तयार करून ठेवतो आणि गावाच्या नावाची जागा रिकामी सोडतो. दर वेळी तिथे नवं नाव येतं. पहिल्या पाच वेळा डेटाबेस नाव पाहून नवा बेत आखतो. त्यानंतर तो हिशेब करतो, की दर वेळी इतकी मेहनत कशाला, सरासरी गाव धरून केलेला एक बेत काही फार महाग पडत नाही. आणि तिथून पुढे तोच बेत सगळ्यांना. नाव कोणाचंही येवो, तो बघतच नाही.

यादीतली पहिली गावं सगळी लहान. त्यांच्यावरून त्याला वाटलं सगळं जग असंच आहे. ‘इतर’ शेवटी आलं तोवर त्याचं मत पक्कं झालेलं. मग लहान गावाच्या बेताने तो हजारो घरांच्या दारात एकेक करत फिरला, आणि प्रत्येक दारात जुन्या इशाऱ्यांचा अख्खा ढीग नव्याने उपसत बसला.

मूर्ख म्हणता येणार नाही त्याला. बहुतेक वेळा ही युक्ती बरोबरच ठरते. माहिती त्याच्याकडे होती, त्याने ती उघडली नाही, एवढंच.

२४ मे

उपाय एका ओळीचा आहे. डेटाबेसला सांगायचं की बाबा, दर वेळी नाव पाहून मगच बेत आख. थोडी जास्त मेहनत पडते, ती पडू दे. ओळ घातली, तालीम पुन्हा केली. ‘इतर’ही नाते गावासारखंच चुटकीसरशी सुटलं.

सर खूश झाले नाहीत. म्हणाले, "ते ठीक आहे. पण निम्मी माणसं ‘इतर’ कशी? त्यांच्या वाड्यांना नावं आहेत ना?"

मी म्हटलं, आता वेगाचा प्रश्न सुटलाय, नावं घालून वेगळा फायदा नाही.

"वेगाचं नाही बोलत मी," सर म्हणाले. "मी दारोदार जाणार. वाडीचं नाव लिहून घेणार आणि फोन कोणाचा दिलाय ते विचारणार. अर्ध्या घरांनी मुंबईतल्या मुलाचा नंबर दिलाय. इशारा घाटकोपरला जाऊन काय उपयोग?"

हे खरं आहे. ही आपल्याकडची जुनी खोड. बँक असो, रेशन असो, नंबर मुंबईच्या मुलाचा. म्हातारा म्हणतो, मला कुठं वाचता येतंय, पोरगा बघेल. मी पुष्कळदा हसलोय यावर.

८ जून

सर खरंच फिरतायत. गुडघ्याला पट्टा बांधून. रोज दोन वाड्या. संध्याकाळी येऊन मला वाचून दाखवतात आणि मी भरतो. आज म्हणाले, उद्या तुमचं जांभूळकोंड. मी म्हटलं, सर, तिथला चढ वाईट आहे आणि ती माझीच वाडी. तिथलं मी सगळं ओळखतो. तुम्ही पुढच्या वाडीला जा.

तेवढाच त्यांचा एक दिवस वाचला.

१५ जून

मागचे दोन रविवार वाडीवर जाऊन आलो. आईचं उत्तर तेच. आज तर मी तोंड उघडायच्या आत "नाय" म्हणाली आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

घरी येऊन सरिताशी बोललो. म्हटलं, आई हट्टी होत चाललीय, वयाचं असतं.

सरिता भाजी निवडत होती. म्हणाली, "एकवीसच्या पुरात आई इथेच होत्या. आपण तेव्हा तळमजल्यावर होतो. तू पुण्याला. पाणी दारातून आत आलं तेव्हा मी त्यांना जिन्यावरून ओढत वर नेलं. दोन दिवस अनोळखी माणसांच्या घरात बसलो, आणि त्यांना वारंवार लघवीला जायचं असायचं, त्या लाजेने पाणीच प्यायल्या नाहीत. तू कधी बोललास का त्यांच्याशी त्याबद्दल?"

मी म्हटलं, पण म्हणूनच तर आपण तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आता तो प्रश्नच उरत नाही.

सरिता म्हणाली, "लिफ्ट नाही. त्यांचे गुडघे बघितलेस?"

मुद्दा तिचा बरोबर आहे, पण तो सुटण्यासारखा आहे. खालून वर एकदाच चढायचं, मग चार महिने उतरायचंच कशाला? पुढच्या वेळी आईला हे सांगेन.

२९ जून

सांगितलं. आईने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "म्हंजे चार महिने खाली नाय उतरायचं?" मी म्हटलं, गरजच काय. ती उठून चुलीकडे गेली. मला वाटतं आता थोडी वळतेय.

१९ जुलै

तीन दिवस पाऊस थांबलेला नाही. सावित्रीचं पाणी चढतंय, पण अजून पुलाच्या खाली आहे. दुपारी पोलादपूरच्या वरच्या यंत्रांचे आकडे रेषेच्या पार गेले. सर आणि मी दोघेच ऑफिसात होतो.

प्रोग्रॅम सुटला. सगळ्या गावांना मिळून मिनिटही लागलं नाही. सरांनी नावं घातलेल्या वाड्या एकेक करून गेल्या. ‘इतर’मध्ये आता थोडीच घरं उरलीयत, तीही झटक्यात गेली. पडद्यावर आलं, सर्व इशारे पोचले. एकही अडकला नाही. सरांनी माझी पाठ थोपटली. मी खिडकीतून खाली ओरडून चहा सांगितला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मेसेज होता. "सुंदराबाई साळवी, तुमच्या घरावरचा डोंगर धोक्याचा झाला आहे. आत्ता निघा. शाळेत जा."

पहिल्यांदा मला वाटलं, एकच इशारा दोनदा गेला, एक आईला आणि एक मला, प्रोग्रॅममध्ये दोष आहे. खरंच तसं वाटलं. कोणत्या ओळीत असेल ते शोधायला मी खुर्ची पुढे ओढली. मग लक्षात आलं. आईची नोंद मीच केली होती. तिचा फोन कायम डब्यात बंद असतो, म्हणून नंबर मी माझा दिला होता.

फोन लावला. बंद. कोंडावरच्या पांडूला लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला तर लागलाच नाही. शकूचा नंबर माझ्याकडे नाही. इतक्या वर्षांत मी तो घेतलेला नाही.

सरांना मेसेज दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि फोन परत दिला. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मोटरसायकल काढून निघालो. पोलादपूरच्या पुढे रस्त्यावर माती आलेली. पोलिसांनी परत पाठवलं, सकाळी या म्हणाले. इथे पोलादपुरात सरिताच्या मावशीकडे बसून लिहितोय. भीती वाटतेय. दुसरा शब्द नाही. पडद्यावरचं ते ‘सर्व इशारे पोचले’ डोळ्यांपुढून जात नाही.

२० जुलै

सकाळी माती काढायचं मशीन आलं, त्याच्या मागून चालत गेलो. फाट्यावर पांडू भेटला. डोक्यावर खताची पिशवी, खांद्यावर बकरीचं पिल्लू. मला बघून लांबूनच ओरडला, "हाय रे, हाय! साळंत हाय तुजी आय!" मी धावत त्याच्यापाशी गेलो. त्याने पिल्लू माझ्याजवळ दिलं आणि पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

दरड संध्याकाळी आली. वाडीतलं कोणी गेलं नाही. आईच्या घराची मागची भिंत नाही. चिखल चुलीपर्यंत आलाय. कोंबड्या गेल्या.

शाळेत सतरंज्यांवर सगळी वाडी बसली होती. आईने मला पाहिलं आणि म्हणाली, "आलास? काय खाल्लंस काय?"

काय झालं ते शकूनेच सांगितलं. "मेसेज आला तशी मी धावत हिच्याकडं गेले. ही म्हणते, माझ्या फोनवर नाय आला, माझं घर नसंल त्यात. म्हटलं, गो बाय, फोनवर येवो नायतर न येवो, डोंगर येतोय नव्हं? हाताला धरून ओढली."

"दोन कोंबड्या घेऊ दिल्या नाय हिनं," आई म्हणाली.

नंबर माझा दिला होता, तुझा इशारा मला आला, हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग बरं झालं. तुला तरी कळलं."

मी तिच्या शेजारी बसलो. तिचा हात धरला. गार होता. म्हटलं, आता घर राहिलं नाही, आता तरी महाडला चल. खुर्चीवर बसवून वर नेऊ, मी नि बिल्डिंगमधली दोन पोरं...

शकू हसायला लागली. तोंडाला पदर लावून हसली. "भाऊ, थांब जरा. हिची खोली ठरलेली हाय."

"कसली खोली?"

"पोलादपुरात. माझ्या भाच्याची. ऋत्विकची. यष्टी स्टँडच्या मागं. एक पायरी नाय, डोंगर लांब, पाणी चढत नाय. मी पण पावसाचे महिने तिथंच जायचं म्हणते हिच्यासंगं. दोन वरसं झाली ठरून."

मी आईकडे पाहिलं. ती सतरंजीचा दोरा काढत होती.

"दोन वर्षं? मग तू मला बोलली का नाहीस?"

"तू इचारलंस कधी?" आई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "आलास की म्हाडला चल. नाय म्हटलं की पुढल्या खेपंला परत म्हाडला चल. म्हटलं, तुझं बोलून झालं की सांगू नि मगच जाऊ. तुझं झालंच नाय. मधी एकदा तरी म्हणालास काय, मग कुठं जाशील गो आये?"

शकू उठून चहा आणायला गेली. आम्ही दोघेच राहिलो. बाहेर पाऊस कमी झाला होता आणि पांडू बकऱ्या मोजत होता.

मी म्हटलं, "मग कुठे जाशील?"

"आता कशाला इचारतोस? सांगितलं ना शकूनं."

"तू सांग."

तिने दोरा टाकला आणि ती सगळी खोली मला पुन्हा पहिल्यापासून सांगितली. खिडकी कुठल्या बाजूला आहे, ऊन कधी येतं, मोरी आतच आहे, दारातून यष्टी दिसते, आणि खाट कुठे ठेवायची हे तिने दोन वर्षांपूर्वीच ठरवलंय. मी मधे काही बोललो नाही. चहा आला, निवला, तरी ती सांगत होती.